भुयारी पाण्याच्या वाटा

प्रत्येक जुन्या शहराचे दोन नकाशे असतात. एक जमिनीवरचा. त्यांत रस्ते, पेठा, देवळें, मशिदी, शाळा, कचेऱ्या असें सारें असतें, आणि तो शाळेंतल्या मुलालाही पाठ असतो. दुसरा नकाशा जमिनीखालचा. त्यांत नळ, नाले, नहरी आणि भुयारें येतात. या दुसऱ्या नकाशाची आठवण आपल्याला वर्षांतून दोनदांच होते: पावसाळ्यांत रस्त्यावर गुडघाभर पाणी तुंबतें तेव्हां, आणि उन्हाळ्यांत नळाची तोटी कोरडी पडते तेव्हां. एरवीं आपण त्याच्यावरून खुशाल चालत असतों.

अलीकडे पाश्चात्य देशांतील तरुणांत एक विलक्षण छंद रूढ झाला आहे. जुन्या शहरांखालून पावसाचें पाणी वाहून नेण्यासाठीं विटांचे व दगडांचे जे मोठाले नाले बांधलेले आहेत, त्यांत दिवा घेऊन उतरावें, ते कोठून निघतात आणि कोठें मिळतात हें पायीं चालून पहावें, कमानींचीं छायाचित्रें घ्यावीं, आणि घरीं येऊन टिपणें करावीं, असा हा छंद आहे. ऑस्ट्रेलियांतील मेलबोर्न येथें १९८६ मध्यें अशा हौशी मंडळींनीं ‘केव्ह क्लॅन’ नांवाचा एक संघच स्थापन केला. पाऊस पडत असतांना, किंवा पडण्याचीं चिन्हें दिसत असतांना, नाल्यांत पाऊल घालावयाचें नाहीं, हा या छंदाचा पहिला नियम समजला जातो.

आपल्याकडील वडीलधाऱ्या मंडळींना हें ऐकून हसूं येईल. डोंगर चढावा, किल्ला पहावा, तीर्थयात्रा करावी, हें समजण्यासारखें आहे. पण धडधाकट माणसानें आपण होऊन नाल्यांत कां उतरावें? प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. त्याचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे आपण आपल्याच मराठवाड्याच्या आणि एकंदर दख्खनच्या इतिहासांतील एका दुर्लक्षित पानावर येऊन पोंचतों.

प्रथम पॅरिस शहराची गोष्ट सांगतों. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं त्या राजधानीखालीं शतकानुशतकें बांधले गेलेले नाले होते, पण त्यांची समग्र माहिती एकाही अधिकाऱ्यास नव्हती. नेपोलियनच्या अमदानींत, १८०५ सालीं, ब्र्युनसो नांवाच्या एका अधिकाऱ्यानें त्यांत उतरण्याचें काम अंगावर घेतलें. सुमारें सात वर्षें तो आणि त्याचे मदतनीस अंधारांत, चिखलांत, दुर्गंधींत फिरत राहिले, मापें घेत राहिले, आणि १८१२ पर्यंत त्या पाताळनगरीचा नकाशा त्यांनीं सिद्ध केला. पुढें त्याच शतकाच्या उत्तरार्धांत बेलग्रां या अभियंत्यानें तेथें नव्या नाल्यांचें विशाल जाळें उभारलें, आणि १८६७ च्या प्रदर्शनाच्या वेळीं ते नाले पाहण्यास प्रतिष्ठित स्त्रीपुरुष कुतूहलानें उतरूं लागले. या गोष्टीचा क्रम लक्षांत ठेवण्यासारखा आहे. आधीं कोणी तरी खालीं उतरला. मग नकाशा झाला. आणि सुधारणा त्याच्या मागून आली.

पावसाचें पाणी भूमिगत नाल्यांनीं वाहून नेण्याची विद्या आपणांस परकी आहे असें मात्र कोणी समजूं नये. कच्छच्या रणांत धोळावीरा येथें सिंधु संस्कृतीचें जें नगर उत्खननांत सांपडलें, आणि ज्याची गणना २०२१ मध्यें जागतिक वारशांत झाली, त्याच्या बालेकिल्ल्यांत पावसाच्या पाण्याचे दगडी नाले आहेत. त्यांतील मुख्य नाला इतका प्रशस्त आहे कीं, उंच मनुष्यानेंही त्यांतून ताठ मानेनें चालावें. त्या नगरवासीयांना पाऊस ही दुर्मिळ ठेव होती, म्हणून नाल्यांनीं पाणी गांवाबाहेर हांकून न देतां त्यांनीं तें सांठवून ठेवलें. चार हजार वर्षांपूर्वींची ही दृष्टि होती.

दख्खनच्या पठारावर प्रश्न थोडा निराळा होता. येथें अतिवृष्टीपेक्षां पाण्याच्या टंचाईचें भय अधिक. म्हणून येथील भुयारें मुख्यतः पाणी आणण्यासाठीं खोदलीं गेलीं. परंतु काम तेंच: जमिनीच्या पोटांत, डोळ्यांस न दिसणाऱ्या मार्गानें, पाण्याला केवळ उतारावर चालवीत न्यावयाचें. या विद्येचें मूळ इराणांत आहे. डोंगराच्या पायथ्याशीं एक खोल विहीर घेतात. तिला जिवंत झरा लागला म्हणजे तेथून गांवाकडे एक भुयार खणीत नेतात. भुयाराचा उतार अत्यंत बेतानें राखावा लागतो. उतार जास्त झाला तर पाणी वेगानें धांवून भुयाराचा तळ खरवडतें. कमी झाला तर गाळ सांचून वाट बुजते. वाटेंत ठिकठिकाणीं वरून उभीं विवरें पाडलेलीं असतात. खणतांना माती त्यांतूनच वर काढावयाची, हवा त्यांतूनच आंत यावयाची, आणि पुढें वर्षानुवर्षें गाळ काढणाऱ्यानें त्यांतूनच उतरावयाचें. भुयारांतलें पाणी उन्हानें आटत नाहीं, आणि वेढा घालून बसलेल्या शत्रूला त्याचा पत्ता सहजासहजीं लागत नाहीं. दख्खनच्या सुलतानांना हे दोन्ही गुण मोलाचे वाटले असल्यास नवल नाहीं.

आमच्या लातूर जिल्ह्यांतील उदगीरहून सीमेपलीकडे गेलें कीं बीदर लागतें. तें आज कर्नाटकांत असलें तरी त्या जिल्ह्यांत मराठी घरें पुष्कळ आहेत. बहामनी सुलतानांनीं पंधराव्या शतकांत आपली राजधानी तेथें नेली. बीदरचें पठार वरून जांभ्या दगडाचें, आणि त्याखालीं आपला काळा कातळ. पावसाचें पाणी सच्छिद्र जांभ्यांत मुरतें आणि खालच्या कातळावर येऊन थबकतें. हें मर्म जाणणाऱ्या कारागिरांनीं शहराजवळ नौबाद येथें सुमारें तीन किलोमीटर लांबीचें भुयार खोदलें. तेथील लोक त्याला करेझ म्हणतात. मध्यंतरीं तें गाळानें आणि विस्मृतीनें भरून गेलें होतें. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत अभ्यासकांनीं त्याचीं विवरें एकामागून एक हुडकून काढलीं, तीं एकवीस भरलीं. मग गाळ उपसण्याचें काम हातीं घेतलें गेलें. जागतिक स्मारकांची काळजी वाहणाऱ्या ‘वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड’ या संस्थेनें २०२० च्या आपल्या यादींत दख्खनच्या पठारावरील ऐतिहासिक जलव्यवस्थांना स्थान दिलें. क्रम पुन्हां तोच दिसतो. आधीं कोणी तरी वांकून आंत डोकावला.

उत्तरेस तापीकांठीं बऱ्हाणपूर आहे. मोगलांच्या या दक्षिणेंतील ठाण्यांत अब्दुर्रहीम खानखानान याच्या वेळीं, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचें झिरपणारें पाणी भुयारांनीं शहरांत आणलें गेलें. त्याच्या वाटेवर शंभराहून अधिक कुंड्या, म्हणजे विहिरीसारखीं विवरें, ओळीनें आहेत, आणि त्यावरून त्याला कुंडी भंडारा म्हणतात. तेथें प्रवाशांना खालीं उतरून पाणी पाहतां येईल अशी सोयही करण्यांत आली.

याच सुमारास मराठवाड्यांतही असेंच एक मोठें काम झालें. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हा मूळचा हबशी. गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष आपल्या कर्तृत्वानें राज्याचा आधारस्तंभ झाला. त्यानें १६१० मध्यें खडकी हें गांव राजधानीसाठीं निवडलें. हेंच पुढें औरंगाबाद, आणि २०२३ पासून अधिकृतपणें छत्रपती संभाजीनगर. जागा लष्करी दृष्टीनें उत्तम, पण पाणी अपुरें. मलिक अंबरानें उत्तरेकडील हर्सूलच्या डोंगराळ भागांतून भूमिगत नहर आणून शहराची तहान भागविली. ‘नहर-ए-अंबरी’ ती हीच. निजामशाहीला ही विद्या नवी नव्हती. अहमदनगर शहराला, म्हणजे आजच्या अहिल्यानगराला, कापूरवाडी, शेंडी, वडगांव अशा आसपासच्या गांवांहून खापरी नळांनीं पाणी आणण्याची परंपरा होती. भाजलेल्या मातीचे नळ एकांत एक बसवून, चुन्यानें सांधून, ते जमिनीखालीं पुरीत नेत. अंबरानें हीच विद्या मोठ्या प्रमाणावर राबविली.

पुढें औरंगाबादेंत अशा आणखी नहरी झाल्या. त्यांपैकीं एकीचें पाणी पाणचक्कीस येतें. बाबा शाह मुसाफिर या सूफी साधूच्या दर्ग्यापाशीं डोंगराकडून नळांनीं आलेलें पाणी भिंतींतून उंच चढवून खालीं सोडलें आहे, आणि त्या धारेच्या जोरावर दळणाचें जातें फिरे. बैल नाहीं, मजूर नाहीं. पाण्यानें पीठ दळावें आणि यात्रेकरूंच्या मुखीं अन्न घालावें! शाळेच्या सहलींत मुलांना ही चक्की दाखविली म्हणजे त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: ‘गुरुजी, पाणी वर कसें चढलें?’ उगम उंचावर असला आणि नळ बंदिस्त असला कीं पाणी आपली मूळची पातळी गांठूं पाहतें, हा पदार्थविज्ञानाचा धडा फळ्यावर तासभर शिकवून जो उमगत नाहीं, तो तेथें क्षणांत उमगतो.

पुण्याचें उदाहरण तर मराठी माणसाच्या अधिक जवळचें. नानासाहेब पेशव्यांनीं १७५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून तेथून शनिवारवाड्यापर्यंत दगडी बांधणीचा जमिनीखालचा जलमार्ग आणला. तो पुष्कळ ठिकाणीं सुमारें अडीच फूट रुंद आणि सहा फूट उंच आहे. वाटेंत गाळ बसण्यासाठीं कुंडें आणि हवा खेळण्यासाठीं उच्छ्वास ठेवलेले. शहरांत हें पाणी हौदांतून लोकांस मिळे; काळा हौद, बदामी हौद हीं नांवें त्याची साक्ष देतात.

येथें क्षणभर थांबून एक गोष्ट पहावयास हवी. नौबादचीं विवरें, बऱ्हाणपूरच्या कुंड्या, पुण्याचे उच्छ्वास आणि सहा फूट उंचीचा मार्ग, या सर्वांत एक सूत्र आहे. पाण्याला वाहण्यासाठीं सहा फूट उंची लागत नाहीं. ती माणसाला चालण्यासाठीं लागते. विवरें पाण्याला नकोत. तीं उतरणाऱ्यासाठीं हवींत. म्हणजे या रचना ज्यांनीं कल्पिल्या, त्यांनीं माणूस वरचेवर खालीं उतरेल, पाहील, गाळ काढील, डागडुजी करील आणि वर येऊन सांगेल, हें गृहीतच धरलें होतें. जमिनीखालचें काम एकदां बांधून संपत नाहीं. त्याच्याकडे जाणें-येणें चालू असेल तोंवरच तें जिवंत राहतें, हें त्यांना ठाऊक होतें. ज्या दिवशीं शेवटचा माणूस वर आला आणि पुन्हां कोणी उतरला नाहीं, त्या दिवसापासून नहरीच्या मृत्यूला आरंभ झाला.

हा मृत्यु कसा आला, तेंही सांगितलें पाहिजे. एकोणिसाव्या शतकांत लोखंडी नळ आले. मुंबईला १८६० मध्यें विहार तलावाचें पाणी नळानें मिळूं लागलें, आणि मग जुने तलाव बुजविले गेले. धोबी तलाव हा आज केवळ नांवाचा तलाव आहे. आपला मराठवाडा तेव्हां हैदराबाद संस्थानांत होता. २८ सप्टेंबर १९०८ रोजीं मुसा नदीच्या महापुरानें हैदराबादेंत हाहाकार उडाला. तेव्हां पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयांत शिकलेले आणि मुंबई इलाख्यांत नोकरी केलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण झालें. पूर अडविणारे जलाशय आणि शहराची गटारव्यवस्था या दोन्हींचा विचार त्यांनीं एकत्र केला. उस्मानसागर १९२० मध्यें पुरा झाला, हिमायतसागर १९२७ मध्यें. हीं कामें मोठीं, उपकारक आणि काळास अनुसरून होतीं. परंतु धरण आणि नळ घरापर्यंत आले कीं जुनी नहर ही अडगळ वाटूं लागते. तिच्यावर घरें उठतात, विवरांत केरकचरा पडतो, रस्त्यासाठीं खोदणारा तिच्यांत पहार घालतो. पुण्यांत २०१९ च्या मार्च महिन्यांत स्वारगेट येथें मेट्रोचें खोदकाम चालू असतां एक जुना भुयारी जलमार्ग एकाएकीं उघडा पडला, आणि हें काय आहे म्हणून सारें शहर चकित झालें. आपल्याच पूर्वजांनीं बांधलेलें, आपल्याच पायांखालचें, आणि आपणच चकित!

आतां नांदेड-लातूरकडे येऊं. आमच्या कंधारला राष्ट्रकूटांनीं मोठा जलाशय केला; तेथील शिलालेखांत त्याचें नांव ‘जगत्तुंग समुद्र’ असें येतें. तलावाला समुद्र म्हणण्याचें धाडस पाण्याचें मोल जाणणारा समाजच करतो. औशाचा किल्ला एका विस्तृत सखल जागेंत आहे. भोंवतालचा मुलूख उंच, किल्ला मात्र दबा धरून बसल्यासारखा. अशा जागीं पावसाळ्यांत चारी दिशांचें पाणी धांवून येणारच. भोंवतालचा रुंद खंदक शत्रूला अडवी, तसाच या पाण्यालाही आश्रय देई, असें तो पाहतांना सहज ध्यानांत येतें. गांवोगांवीं बारवा आहेत. दगडी पायऱ्यांनीं तळापर्यंत नेणाऱ्या. बारव म्हणजे काय? माणसानें पाण्यापर्यंत उतरावें म्हणून बांधलेला राजमार्गच नव्हे काय?

या मुलुखावर २०१६ चा उन्हाळा कसा गेला, हें लातूरकरांना सांगावयास नको. धनेगांवचें मांजरा धरण कोरडें पडलें. पाण्याच्या टाक्यांभोंवतीं दंगे होतील या भीतीनें जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिल रोजीं मिरजेहून, सुमारें साडेतीनशें किलोमीटर अंतर तोडून, दहा वाघिणींची पाण्याची आगगाडी लातूरच्या स्थानकांत आली. तिच्यांत पांच लक्ष लिटर कृष्णामाईचें पाणी होतें. पुढें वाघिणी वाढल्या, फेऱ्या वाढल्या. शहर वांचलें, आणि ज्यांनीं तें पाणी पाठविलें त्यांचे उपकार लातूर विसरणार नाहीं. मात्र त्याच उन्हाळ्यांत ज्या जुन्या विहिरी-बारवांकडे कित्येक वर्षें कोणी पाहिलें नव्हतें, त्यांत डोकावण्यास माणसें निघालीं. संकटानें जें शिकविलें, तें छंदानें आधींच शिकलें असतें तर काय वाईट होतें?

ज्या नाल्यांवरून हें भाषण निघालें, त्या पावसाळी नाल्यांची स्थिति याहून निराळी नाहीं. मुंबईचे जुने पर्जन्यनाले, ज्यांतील रस्त्याकडेच्या झांकलेल्या नाल्यांना तेथें ढापा म्हणतात, ओहोटीच्या वेळीं ताशीं २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबानें बांधलेले होते. त्यांच्या सुधारणेचा सविस्तर अहवाल १९९३ मध्यें तयार झाला. तो पुष्कळसा कागदावरच असतांना २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्यानंतर काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. पुढें २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसांत त्याच शहरांत एक नामांकित डॉक्टर तुंबलेल्या रस्त्यावरून घरीं चालले असतां उघड्या मनहोलांत पडले, आणि दोन दिवसांनीं त्यांचा देह वरळीजवळ सांपडला. जमिनीखालची वाट जो विसरतो, त्याला ती अशी आठवण करून देते.

आतां या विषयाची सर्वांत अवघड बाजू. आपल्या देशांत गटारांत उतरणें हा कोणाचाही छंद नव्हता. तें काम आपण विशिष्ट जातींच्या माथीं मारलें, आणि तें करणाऱ्यास शिवावयाचें नाहीं असा वर दंडक घातला. ज्या कामावांचून शहर एक आठवडा जगूं शकत नाहीं, तें करणारा हलका, आणि वर बसून नाक दाबणारा थोर, असा हा विपरीत हिशेब. कुजलेल्या गाळांतून जे वायु निघतात त्यांतला एक तर असा घातकी कीं, आरंभीं सडक्या अंड्यासारखा वास देतो, आणि प्रमाण वाढलें कीं वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. संकट टळलें असें वाटतें, आणि माणूस कोसळतो. त्याला काढण्यास दुसरा उतरतो, तोही परत येत नाहीं. मानवी हातांनीं मैला उपसण्यास आणि साधनांवांचून गटारांत उतरविण्यास बंदी करणारा कायदा २०१३ मध्यें झाला. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ मध्यें अशा मृत्यूबद्दल कुटुंबास दहा लक्ष रुपये द्यावेत असें ठरविलें, आणि २०२३ मध्यें ती रक्कम तीस लक्ष केली. रक्कम वाढवावी लागली, याचा अर्थ मृत्यु थांबले नव्हते.

म्हणून आपल्याकडील तरुणांनीं मेलबोर्नच्या मंडळींचें आंधळें अनुकरण करूं नये, असें मी आग्रहानें सांगेन. तेथील पर्जन्यनाले व मैल्याचीं गटारें निरनिराळीं असतात. आपल्याकडे तीं बहुधा एकमेकांत मिसळलेलीं. चालू नाल्यांत हौसेनें उतरणें हें येथें साहस नव्हे, अविचार होय. आणि ज्या वाटेनें दुसऱ्याला पोटासाठीं मरावें लागतें, तिथें आपण गंमत म्हणून जाणें शोभतही नाहीं. पण या छंदांतलें जें सार आहे, तें घेण्यास कोणाची हरकत असावी? तें सार म्हणजे पायाखालीं काय आहे हें जाणण्याची इच्छा, आणि पाहिलेलें नीट लिहून ठेवण्याची संवय.

शाळेंत इतिहास-भूगोल शिकवितांना मला नेहमीं एका गोष्टीचें आश्चर्य वाटे. नाईल नदी कोठें उगम पावते, हें सांगणारीं मुलें वर्गांत पुष्कळ असत. परंतु शाळेच्या पटांगणावर पडलेलें पावसाचें पाणी कोठें जातें, असें विचारलें कीं सारा वर्ग गप्प होई. मग आम्ही पहिल्या मोठ्या पावसानंतर, ऊन पडल्यावर, पाण्याच्या मागोमाग वरून चालत जात असूं. कोठें नाल्यावर दुकान बसलेलें दिसे, कोठें मोरी बुजलेली, कोठें जुनी दगडी कमान अर्धी गाडलेली. मुलें तें वहींत काढीत. त्या वहीसाठीं कोणालाही भुयारांत उतरावें लागलें नाहीं.

नांदेडला २००८ मध्यें गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त रस्त्यांचीं व नाल्यांचीं मोठीं कामें झालीं. नवें बांधतांना जुनें कोठें होतें हें सांगणारीं माणसें प्रत्येक शहरांत असतात: पाथरवट, गवंडी, प्लंबर, नगरपालिकेचे निवृत्त कामगार, आणि ज्यांनीं आयुष्यभर नाले साफ केले ते सफाई कामगार. शहराचा दुसरा नकाशा आज कोणाच्या डोक्यांत असेल तर तो या लोकांच्या. त्यांच्यापाशीं जाऊन, त्यांना मानानें बसवून, त्यांची हकीकत लिहून घेणें हा या छंदाचा पहिला पाठ व्हावा. ब्र्युनसोला जें सात वर्षें अंधारांत चालून मिळालें, तें आपल्याला कदाचित् एका ओसरीवर बसूनही मिळेल. मात्र वेळ दवडतां कामा नये; ही माणसें वृद्ध होत चाललीं आहेत.

दुसरा पाठ कोरड्या, निर्वेध आणि सोडून दिलेल्या वास्तूंचा. बारव, खापरी नळाचा उघडा पडलेला तुकडा, गढीखालचें भुयार, किल्ल्यांतील मोरी, या पुरातत्त्व खात्याची किंवा मालकाची परवानगी घेऊन, जाणकारासह, पावसाळा सोडून पहाव्यात. बारवांच्या बाबतींत हें काम महाराष्ट्रांत सुरूही झालें आहे. तरुण मंडळी गांवोगांवच्या बारवा शोधून त्यांची नोंद करतात, गाळ काढतात, आणि महाशिवरात्रीस तेथें दिवे लावतात. दिवा लावणें सुंदर आहेच. त्याच्या आधीं झालेली नोंद मात्र अधिक टिकाऊ आहे.

नोंद कशी करावी, हें सांगून भाषण आटोपतें घेतों. ठिकाण, तारीख, शेवटचा पाऊस केव्हां पडला तें. लांबी, रुंदी, खोली पावलांनीं नव्हे तर फितीनें मोजलेली. दगड कीं वीट, चुना कीं सिमेंट. पाणी येतें कोठून, जातें कोठें. माहिती देणाऱ्याचें नांव, त्याची संमति असेल तर. आणि जें स्वतः पाहिलें तें व जें ऐकलें तें निरनिराळ्या रकान्यांत. एवढें लिहिलेली वही घरीं ठेवूं नये. तिची एक प्रत गांवच्या वाचनालयांत आणि एक नगरपालिकेंत द्यावी. उद्यां त्या जागीं कोणी पहार उचलील, तेव्हां ती वही त्याच्या हातीं असली पाहिजे.